हात थरथरतो की बटण?

मागच्या वर्षी आषाढाच्या सुमारास माझ्या उजव्या हाताविषयी मला शंका आली आणि ती मी अडीच महिने कोणाजवळही बोललो नाही.

निमित्त अगदी क्षुल्लक होते. संगणकावर एखादी फाइल निवडावी म्हणून माउसचे डावे बटण एकदा दाबावे, तर ती निवडली न जाता एकदम उघडावी. एक विंडो बंद करायला जावे, तर तिच्यामागचीही नाहीशी व्हावी. एखादा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवू पाहावा, तर तो वाटेतच हातातून निसटल्यासारखा भलत्याच ठिकाणी पडावा. पहिले काही दिवस मी चष्म्याला दोष दिला. मग लक्षात आले की मी बटण एकदाच दाबतो आहे असे मला वाटत असले, तरी संगणक ते दोनदा मोजतो आहे. म्हणजे बोट माझ्या नकळत दोनदा पडत असले पाहिजे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस याचा जो अर्थ लावील, तोच मी लावला.

या अर्थाला घरातलाच आधार होता. माझ्या थोरल्या बंधूंना कंपवात होता. त्यांची सुरुवातही उजव्या हातापासूनच झाली. मांडीवर ठेवलेला हात स्वस्थ बसत नसे, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत की जणू औषधाच्या गोळ्या वळल्या जात आहेत. त्याआधी कितीतरी महिने सदऱ्याच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागायचा आणि आम्ही घरचे लोक त्याला आळस म्हणत होतो. पुढची नऊ वर्षे मी त्यांच्याजवळ होतो. त्यामुळे त्या आजाराचा रस्ता कुठून कुठे जातो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मग सुरू झाली लपवाछपवी. बशीतून चहा पिण्याची पन्नास वर्षांची सवय मी एका दिवसात सोडली; बशी सांडली तर कोणाच्या लक्षात येईल! बँकेत जाण्यापूर्वी घरी जुन्या कागदावर चार-पाच वेळा सही करून पाहू लागलो. पोथीचे पान उलटायला डावा हात वापरू लागलो. गंमत अशी की चहा सांडत नव्हता, सही बिघडली नव्हती आणि पोथीचे पानही कधी फाटले नव्हते. पण भीती एकदा बसली की माणूस पुरावे तपासत नाही. संध्याकाळी फिरायला दासोपंतांच्या समाधीकडे जाण्याचा माझा नेम आहे. ज्या पुरुषाने कापडावर पासोडी लिहून काढली, ज्यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात आणि ज्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे, त्यांच्या दारी बसून मी माझ्या एका बोटाची चिंता करीत असे.

माझे काम मात्र अडले होते. आमचे वडील निजामी राजवटीत पटवारी होते. सरकारी दप्तर उर्दूत, पण घरचे हिशेब आणि टिपणे ते मोडीत लिहीत. १९४६पासून पुढच्या तेरा वर्षांची त्यांची एक जाडजूड वही माझ्याकडे आहे. सालदारांचे पगार, ज्वारीचे पायलीनिशी हिशेब, बहिणीच्या लग्नाचा खर्च, सप्टेंबर १९४८मधल्या पोलीस कारवाईच्या दिवसांतल्या त्रोटक नोंदी, असे बरेच काही त्यात आहे. माझ्या पिढीला मोडी कोणी शिकवली नाही. मी ती वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. माझ्यानंतर आमच्या घरात ती वही वाचू शकेल असा माणूस नाही. म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर, २०१२ साली घेतलेल्या संगणकावर मी ती देवनागरीत उतरवायला घेतली. एका बाजूला वहीच्या पानाचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूला माझा मजकूर. या कामात टंकलेखनाइतकाच माउसही लागतो. ते अक्षर मोठे करून पाहावे लागते, पान सरकवावे लागते, चुकलेला शब्द उचलून जागी बसवावा लागतो.

श्रावणात मी मुलाला फोनवर एवढेच सांगितले, की संगणक नीट चालत नाही, सारखे दोनदा क्लिक होते. तो म्हणाला, “बाबा, तुमचं बोट दोनदा पडत असेल. हळू दाबत जा.” थोडे थांबून म्हणाला, “नाहीतर राहू द्या ना आता ते. या वयात कशाला एवढा त्रास? मी कोणाकडून तरी करून घेतो.” तो हे प्रेमानेच बोलला. त्याने माउसविषयी एक प्रश्नही विचारला नाही, हे मला तेव्हा जाणवलेही नाही. कारण मी स्वतःही तो विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वही धुवट कापडात बांधून कपाटात ठेवली आणि संगणकावर जुने उपरणे टाकले.

भाद्रपद तसाच गेला. नवरात्राच्या आधी सौ. वाती वळत बसली होती. नातीचे नवे फोटो मुलाने मेलवर पाठवले होते. ती म्हणाली, “अहो, तो संगणक उघडा की. मोबाइलवर काही दिसत नाही मला.” मी टाळाटाळ केली. तिने कारण विचारले आणि मग, कसा कोण जाणे, मी सगळे सांगून टाकले. भावांचा हात, बशी, सह्यांचा सराव, सगळे. तिने मध्ये एक शब्द बोलला नाही. ऐकून झाल्यावर कापूस बाजूला ठेवला, हात पदराला पुसले, उपरणे काढले आणि म्हणाली, “कुठं दाबायचं ते दाखवा.”

तिने आयुष्यात माउस हातात धरला नव्हता. मी दाखवलेल्या फोटोवर तिने बाण नेला आणि बटण एकदा दाबले. एकदा दाबल्यावर फोटोभोवती फक्त रंगीत चौकट यायला हवी होती. फोटो उघडला. “मी एकदाच दाबलं,” ती म्हणाली. मी म्हटले, पुन्हा करून पाहा. तिने दहा वेळा केले, मी कागदावर रेघा ओढल्या. दहांपैकी सहा वेळा संगणकाने एकाचे दोन मोजले होते. जिने चातुर्मासात लक्ष वातींचा नेम दोनदा पुरा केला आहे, एकसारखी वात वळण्यात जिची बोटे चुकत नाहीत, तिचा हात! ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता माझाही हात गेला म्हणायचा का?”

खरे सांगायचे तर मी चाळीस वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना हेच शिकवीत होतो. दोन गोष्टींपैकी दोष कोणात आहे ते कळत नसेल, तर एकेक बदलून पाहावी. तोच माउस दुसऱ्याच्या हाती द्यावा. तोच हात दुसऱ्या माउसवर ठेवावा. शेजारच्या विद्यार्थ्याकडे जाऊन मी त्याच्या माउसवर पंचवीस वेळा क्लिक केले. पंचवीसच्या पंचवीस बरोबर. पाच मिनिटांच्या या परीक्षेसाठी मला अडीच महिने लागले होते.

माउसच्या बटणाखाली नेमके काय असते, हे मग मी समजून घेतले. आपण बोटाने दाबतो ते प्लास्टिकचे नुसते झाकण. त्याच्याखाली नखाएवढी एक काळी पेटी असते, तिला मायक्रोस्विच म्हणतात. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ, वाकवून ताणलेली पट्टी असते. दाब आला की ती पट्टी झटकन उलटते, खालच्या टोकाला टेकते आणि विजेची वाट पुरी होते. आपल्याला ऐकू येणारी ‘टिक’ ही त्या उलटण्याची. आता कोणताही धातू धातूवर आपटला की किंचित उसळतो, तशी ही पट्टीही सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती थरथरते. हो, थरथरते! नव्या माउसचीसुद्धा. माउसमधल्या मंडलाला ते ठाऊक असते, म्हणून तेवढ्या वेळातली थरथर ते सोडून देते. पण वर्षानुवर्षे वापरून पट्टीचा ताण कमी झाला, टेकायच्या जागी झीज झाली, काजळी किंवा गंज धरला, धूळ गेली, की ही थरथर लांबते आणि संगणकाला वाटते, बटण दोनदा दाबले. दाबून धरलेले असताना क्षणभर स्पर्श तुटला, तर ओढून नेत असलेली वस्तू वाटेतच गळून पडते. माझ्या प्रत्येक तक्रारीचे उत्तर त्या पेटीत होते.

अशा स्विचचे आयुष्य क्लिकमध्ये मोजतात. कोणाचे पन्नास लाख, कोणाचे एक कोटी, चांगल्यांचे त्याहून जास्त. गणिताच्या मास्तराला हिशेब केल्याशिवाय चैन कसे पडावे? रोज हजार क्लिक धरले तरी बारा वर्षांत चव्वेचाळीस लाखांच्या घरात गेले. सौ.च्या लक्ष वातींचे उद्यापन आम्ही थाटाने केले. माझे हे चव्वेचाळीस लक्ष कोणी मोजलेच नव्हते. यातले बहुतेक सारे एकट्या डाव्या बटणाने सोसले. उजवे बटण अजून कोरे करकरीत होते.

संगणकाचा माउस मुळात लाकडाचा होता, हे वाचून मला बरे वाटले. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४च्या सुमारास पहिला नमुना बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांपुढे चालवून दाखवला गेला. त्या पहिल्या नमुन्याला एकच बटण होते. दोनदा भराभर दाबण्याची युक्ती नंतर आली आणि ती आमच्यासारख्यांच्या बोटांचा विचार करून आलेली दिसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे? शेजारच्या त्या मुलाने विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये जाऊन डाव्या-उजव्या बटणांची कामे आपसांत बदलून दिली. म्हणजे मुख्य काम उजव्या, न झिजलेल्या बटणाकडे आले. दोन दिवस चुकल्यासारखे झाले, मग मधले बोट सरावले. ज्यांच्या उजव्या हातावर पक्षाघाताचा परिणाम आहे आणि जे डाव्या हाताने माउस धरतात, त्यांनाही हीच सोय उपयोगी पडते. तिथेच दोन क्लिकमधला वेळ कमी-जास्त करता येतो. मुळात हा अवधी अर्धा सेकंद असतो. बोटे सावकाश चालत असतील तर तो वाढवून घ्यावा. फाइल एकाच क्लिकने उघडावी अशी मांडणीही करता येते, म्हणजे दोनदा दाबण्याची कटकटच मिटते. क्लिकलॉक नावाची सोय चालू केली, तर मजकूर ओढून नेताना बटण दाबून धरावे लागत नाही. सांधेदुखी असलेल्यांना याचा फार आराम पडतो. आणि माउस अजिबात नको असेल, तर बाणांच्या कळांनी फाइलवर जाऊन एंटर दाबले तरी ती उघडते. ही सगळी सोय माझ्या संगणकात पहिल्या दिवसापासून होती. मला ती कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

दुकानात गेलो तर विक्रेता म्हणाला, “काका, तीनशे रुपयांत नवीन येतो, हा कोण दुरुस्त करतो आता?” त्याचे बरोबरच होते. नवा घेतलाच, पंजा पूर्ण टेकेल असा थोडा मोठा निवडला, कारण लहान माउस धरताना मनगट वाकडे राहते. पण जुना टाकवेना. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक माझ्याच वयाचे गृहस्थ अजून दुकान उघडतात. त्यांनी तळाचा स्क्रू काढला, तापलेल्या कांडीने कथील वितळवून दोन्ही पेट्या सुट्या केल्या आणि उजवीकडची डावीकडे, डावीकडची उजवीकडे बसवली. डोळ्यावर भिंग, हातात लालबुंद कांडी आणि त्यांचा हात चांगलाच थरथरत होता. कांडी जागेवर टेकण्याआधी ते मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरीत आणि मग एका झटक्यात काम करीत. चाळीस रुपये घेतले.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिली नसती. हात निर्दोष ठरला म्हणून मी खुशीत होतो, सौ. मात्र म्हणाली, “तरी एकदा दाखवून या. अडीच महिने झोप नाही तुम्हाला.” अंबाजोगाईचे एक भाग्य असे की ग्रामीण भागातले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकातच आमच्याकडे आले आणि गावात चांगल्या डॉक्टरांची वाण राहिली नाही. डॉक्टरांनी मला हात मांडीवर सैल सोडून बसायला सांगितले आणि गप्पा मारता मारता नुसते पाहत राहिले. मग दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायला लावले, कागदावर जिलेबीसारखे वेटोळे काढायला लावले, चालवून पाहिले. म्हणाले, कंपवाताचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो, एका बाजूला सुरू होतो, हात कामाला लागला की कमी होतो. सोबत हालचाल मंदावते, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. काम करताना, पेला धरताना, लिहिताना येणारा कंप निराळा. तो पुष्कळदा घराण्यात असतो आणि त्याचा कंपवाताशी संबंध नसतो.

माझे ताठ धरलेले हात मात्र किंचित हलत होते. ते मी पाहिले, त्यांनीही पाहिले. त्यांनी औषधांची चौकशी केली. पावसाळ्यात मला दम्याचा त्रास होतो आणि त्या दिवसांत साल्ब्युटामॉलचा फवारा मी जास्त वेळा घेत होतो. त्या औषधाने काही तास हातांना बारीक थरथर येऊ शकते. थायरॉइडचे दोष, जास्तीचा चहा, काळजी आणि जागरण यांनीही येते. त्यांनी फवारा माझ्या मनाने बंद न करण्याविषयी बजावले, दम्याचे औषध बदलून दिले आणि रक्त तपासायला सांगितले. म्हणजे हात अगदीच निर्दोष नव्हता. पण त्याच्यावर ज्या गुन्ह्याचा आळ होता, तो त्याने केलेला नव्हता.

उलटे उदाहरणही माझ्यासमोर आहे. माझे एक सहकारी शिक्षक, वीस वर्षांचा मधुमेह. त्यांच्या पायातली चप्पल चालता चालता निसटून मागे राही आणि त्यांना पत्ताही लागत नसे. त्यांनी चांभाराकडून अंगठा दोनदा बदलून घेतला, मग चप्पलच नवी घेतली, तीही निसटू लागली तेव्हा चांभाराशी भांडले. दोष चपलेत नव्हता. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होत गेल्या की चप्पल निसटलेली कळत नाही. हे लक्षण डॉक्टर लोक मुद्दाम विचारतात. त्यांना ते कळले तळव्याला जखम होऊन चिघळल्यावर. त्यांनीही चप्पल दुसऱ्याच्या पायात घालून पाहिली नव्हती.

घरात म्हातारी माणसे असणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. टीव्हीचा रिमोट चालत नाही, फोन नीट ऐकू येत नाही, रक्तदाबाचे यंत्र भलतेच आकडे दाखवते, असे आम्ही सांगू लागलो की ‘तुम्हाला जमत नसेल’ हे म्हणण्याआधी ती वस्तू एकदा स्वतःच्या हातात घ्या. मुलाला मी ही सारी हकिगत दिवाळीत सांगितली. तो काही बोलला नाही. जेवण झाल्यावर जुना माउस घेऊन बराच वेळ क्लिक करत बसला होता.

वही पुन्हा कापडातून निघाली आहे. जुना माउस चालतो, नवा खणात ठेवला आहे. १९५७ सालच्या नोंदींपर्यंत आलो. इथे वडिलांचे अक्षर एकाएकी बिघडते. रेघा दुभंगतात, वळणांना डाग पडतात, मोडीतले ‘म’ आणि ‘भ’ वेगळे करता येत नाहीत. ही पाने मी पूर्वीही पाहिली होती आणि त्यांच्या हाताला तेव्हापासूनच वय लागले, असे आम्ही भावंडे समजत आलो. परवा छायाचित्र मोठे करून पाहताना ध्यानात आले की सात पानांनंतर अक्षर पुन्हा पूर्वीसारखे सरळ, एकटाकी उतरले आहे आणि शेवटच्या पानापर्यंत तसेच आहे. त्या आठव्या पानावर खर्चाच्या नोंदीत, मिठाच्या खाली, ‘टाक नवा’ असे लिहून पुढे दोन आणे मांडले आहेत.